बिनयुरियाचा कोपरा: कोणतं भात नत्र किती कामाला लावतं, हे आपल्याच खाचरात मोजायची रीत

मे महिन्यात बियाण्याच्या दुकानात उभं राहिलं की एकच प्रश्न कानावर येतो: "जास्त पिकणारं कुठलं आहे?" एक किलो नत्र घातलं तर त्यातून किती किलो भात काढून देणारं बी आहे, असं विचारताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. मीही वर्षानुवर्षं विचारलं नव्हतं. पुढे एकदा लावणी आटोपली आणि ऐन जुलैत तालुक्यात युरिया मिळेना. अर्ध्या खाचरांना खत पडलं, अर्धी तशीच राहिली. कापणीला बघतो तर खत न पडलेल्या एका खाचरातलं भात खत पडलेल्या शेजारच्या भाताच्या जवळपास पिकलेलं. बी निराळं होतं, एवढं सोडलं तर दुसरं कारण सापडेना. मोजायची सवय तेव्हापासून लागली.

ही रीत दोन-तीन गुंठ्यांत एका हंगामात होते. तिला प्रयोगशाळा लागत नाही, वजनकाटा, दोरी आणि वही पुरते. मी सिंधुदुर्गातला, त्यामुळे उदाहरणं कोकणातली आहेत. पण भंडारा-गोंदियाच्या बांद्यांत किंवा मावळ-भोरच्या खाचरांतही हिशेब हाच राहतो.

घातलेलं नत्र जातं कुठे?

युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. पाणी साचलेल्या भातात वरून फेकलेल्या युरियातलं साधारण ३० ते ४० टक्के नत्रच रोपाच्या अंगी लागतं. बाकीचं काही मातीत अडकून राहतं, काही हवेत उडतं, काही पाण्याबरोबर निघून जातं.

भातखाचराची माती वरून खाली एकसारखी नसते. पाण्याखालचा अगदी वरचा, काही मिलिमीटरचाच थर हवेशीर असतो आणि त्याच्याखाली प्राणवायू जवळजवळ नसतोच. युरिया विरघळून अमोनियम तयार होतं. दुपारी उन्हात पाण्यातलं शेवाळ कर्बवायू ओढून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) चढतो, कधी ९ च्याही वर जातो, आणि अमोनियमचा अमोनिया होऊन हवेत उडतो. आपल्या जांभ्या मातीचा सामू आम्ल असला तरी दुपारच्या पाण्याचा तसा राहत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वरच्या थरात जे अमोनियम टिकतं त्याचं नायट्रेट होतं. ते खाली झिरपलं की बिनहवेच्या थरातले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. आणि कोकणात या सगळ्याच्या आधी पाऊस असतो: सकाळी युरिया फेकावा, दुपारी सरी कोसळाव्यात आणि पाणी मेर ओलांडून खालच्याच्या खाचरात जावं. आपल्या पैशाने त्याचं भात हिरवंगार.

उलट बाजूही आहे. काहीच न घालता भात पिकतं, ते पाणथळ जमिनीत निसर्गतः मिळणाऱ्या नत्रावर. भातखाचरातली निळी-हिरवी शेवाळं हवेतलं नत्र बांधतात, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिलं. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६० च्या दशकापासून चालू असलेल्या प्रयोगात नत्र न घातलेले वाफे आजही पीक देतात. तेव्हा खाचराला पोटापुरतं नत्र स्वतःचं असतं. वाण त्यातलं किती उचलतो आणि वरून घातलेल्यातलं किती उचलतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सगळी गंमत या दोन प्रश्नांत आहे.

वाणावाणांत फरक का पडतो

जुनी उंच भातं, आमच्याकडचं वालय किंवा मुणगा घ्या, थोड्या नत्रावर जगायला सरावलेली. त्यांना जास्त युरिया दिला की पाला वाढतो, ताट उंच होतं आणि दसऱ्याच्या आसपासच्या वाऱ्या-पावसात आडवं पडतं. १९६६ साली आलेल्या आयआर ८ ने हे बदललं. तैवानच्या एका बुटक्या वाणातला ठेंगणेपणाचा जनुक त्यात आला. ताट आखूड राहिलं आणि खत पचवूनही उभं राहू लागलं. १९६८ चं जया त्याच पठडीतलं. मावळातली इंद्रायणी म्हणजे आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर.

पण ठेंगणेपणाबरोबर एक खोट आली. ज्या यंत्रणेमुळे ताट आखूड राहतं, तीच नत्र शोषून घेण्याला थोडा लगाम घालते. म्हणून ही भातं खत मागतात. चिनी शास्त्रज्ञांनी २०१८ साली दाखवलं की जीआरएफ ४ नावाचा जनुक जास्त काम करू लागला तर उंची न वाढता नत्र शोषण सुधारतं. त्याआधी २०१५ मध्ये नायट्रेट वाहून नेणाऱ्या एनआरटी १.१ बी या जनुकाचं इंडिका या भातगटातलं रूप जपॉनिका या दुसऱ्या गटातल्यापेक्षा सरस असल्याचं समोर आलं होतं. असे वाण आपल्या खाचरात येतील तेव्हा येतील. आज कर्जत, रत्नागिरी, पनवेल या केंद्रांनी दिलेल्या आणि घरात कणगीत असलेल्या वाणांतच भरपूर फरक आहे, फक्त तो पिशवीवर छापलेला नसतो.

पहिली पायरी: वाण निवडा, पण एका मुदतीचे

दोनच वाण घ्या. तीन घेतले तर वाफे वाढतात आणि झोडणीच्या दिवशी गोंधळ होतो. एक नेहमीचा, एक नवा.

दोघांची मुदत जवळपास सारखी हवी. १०० दिवसांचं हळवं भात आणि १४० दिवसांचं गरवं भात समोरासमोर ठेवलं तर गरवं जिंकेल, कारण मातीतून हळूहळू सुटणारं नत्र खायला त्याला महिनाभर जास्त मिळतो. मी पहिल्या वर्षी कर्जत १८४ आणि सुवर्णा शेजारी लावून सुवर्णाची वाहवा केली होती. ती तुलना फुकट गेली.

दुसरी पायरी: जागा

कोकणातल्या उतरत्या खाचरांत ही पायरी सगळ्यात अवघड. वरच्या कुणग्याचं पाणी खालच्यात उतरतं आणि बरोबर युरियाही उतरतो. म्हणून प्रयोगाचं खाचर उतारावर सर्वांत वरचं निवडा, किंवा पाटाचं पाणी ज्यात थेट येतं असं. गोठ्याजवळचं, उकिरड्याजवळचं किंवा गेल्या वर्षी राब भाजलेलं (रोपवाटिकेसाठी पालापाचोळा जाळलेलं) खाचर नको. तिथे आधीच नत्र-राखेची चंगळ असते.

त्या खाचरात ५ मीटर × ४ मीटरचे १२ वाफे पाडा. दोन वाण, नत्राच्या तीन मात्रा (शून्य, अर्धी, पूर्ण) आणि प्रत्येकाची दोनदा पुनरावृत्ती. प्रत्येक वाफ्याला चिखलाची मेर वीतभर तरी उंच घाला आणि दर वाफ्याचं पाणी स्वतंत्र बाहेर काढा. एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी जाता कामा नये. कुठल्या वाफ्यात काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपण ठरवायला गेलो की चांगली जागा नकळत आवडत्या बियाण्याला जाते. मेरा धरून सगळं तीन गुंठ्यांत बसतं.

तिसरी पायरी: खताचं वजन

कोकणात सुधारित भातासाठी शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी आहे. २० चौरस मीटरच्या वाफ्याला त्याचा हिशेब असा पडतो:

स्फुरद आणि पालाश सगळ्या बारा वाफ्यांना सारखंच: सिंगल सुपर फॉस्फेट ६२५ ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश १६७ ग्रॅम, लावणीच्या वेळी.

युरिया पूर्ण मात्रेच्या वाफ्याला एकूण ४३५ ग्रॅम: लावणीला १७४, फुटव्यांच्या वेळी १७४, लोंबी धरताना ८७. अर्ध्या मात्रेला याच्या निम्मा. शून्याच्या वाफ्याला काही नाही.

इथे दोन सापळे आहेत. स्फुरदासाठी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) वापरू नका, त्यात १८ टक्के नत्र असतं. १५:१५:१५ सारखं मिश्रखतही नको. यांतलं एकही वापरलंत तर तुमचा शून्याचा वाफा शून्याचा राहत नाही. तसंच त्या वर्षी शेणखत, गिरिपुष्पाचा पाला यांतलं काही घालायचंच असेल तर बाराही वाफ्यांना वजन करून सारखं घाला. नाहीतर अजिबात नको.

लोंबी धरण्याची वेळ तारखेवर ठरवू नका. एक जाड फुटवा उपटून बुंध्याकडून उभा चिरा. आत तळाशी एक-दोन मिलिमीटरचा पांढरा, कापसासारखा मऊ ठिपका दिसला की शेवटचा हप्ता द्यायचा.

चौथी पायरी: लावणी आणि हप्ते

तरवा (लावणीची रोपं) एकाच दिवशी पेरलेला आणि एकाच वयाचा हवा. दोरी धरून २० × १५ सेंटिमीटरवर लावा, दर चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) २-३ रोपं. मोजमापाच्या वाफ्यात गड्यांच्या अंदाजावर सोडू नका. आमच्याकडच्या बायका लावणीत माझ्याहून वेगवान आहेत, पण त्यांच्या हाताचं अंतर चिखलाच्या खोलीप्रमाणे बदलतं.

वरचा हप्ता देताना वाफ्यातलं पाणी काढा, युरिया सारखा पसरा, हाताने किंवा कोनो वीडरने (तण काढायच्या हातयंत्राने) चिखलात मिसळा आणि दीड-दोन दिवसांनी पाणी परत घ्या. पाऊस उघडलेला असेल असा दिवस धरा. पात्यांवर दव असताना फेकू नका, दाणे पानाला चिकटतात आणि पान करपतं. अशी काळजी फक्त प्रयोगातच घेतली तर उपयोग नाही, हे मात्र खरं. मोठ्या खाचरात आपण कसं टाकतो, तसंच प्रयोगातही टाकावं असं काही जण म्हणतात. माझं मत उलट आहे. वाणाची कुवत बघायची असेल तर खत आधी त्याच्या मुळांपर्यंत पोचू दे.

ऑगस्टमध्ये शून्याचे वाफे पिवळट पडतात. त्या वेळी हात शिवशिवतो. आमच्या शेजारचे आबा बांधावर उभे राहून म्हणाले, "काय रे, भाताक उपास घातलंस?" पिवळ्या वाफ्यावर मूठभर युरिया टाकायचा मोह आवरा. तो वाफा पिवळा दिसण्यासाठीच ठेवलाय.

पाचवी पायरी: पानाचा रंग लिहून ठेवा

पान-रंगतक्ता नावाची प्लॅस्टिकची पट्टी मिळते, तिच्यावर हिरव्याच्या फिक्यापासून गडदपर्यंत नंबर घातलेल्या छटा असतात. लावणीनंतर १४ दिवसांनी सुरुवात करून फुलोऱ्यापर्यंत दर ७ ते १० दिवसांनी प्रत्येक वाफ्यातल्या १० चुडांचं सर्वांत वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर धरा. पान तोडायचं नाही. सूर्य पाठीशी घेऊन आपल्या अंगाच्या सावलीत बघा, दर वेळी सकाळी त्याच सुमारास आणि शक्यतो एकाच माणसाने. नजर बदलली की रंग बदलतो.

प्रयोगात यावरून खत द्यायचं नाही, फक्त आकडा लिहायचा. शून्याच्या वाफ्यात जो वाण जास्त दिवस हिरवा राहतो, तो मातीतलं नत्र चांगलं उचलतोय. लोंब्या भरताना मात्र पानं पिवळी होणं वाईट नाही. त्या वेळी पानातलं नत्र दाण्यात उतरतं. कापणीला आलेल्या भाताची पानं गडद हिरवी असतील तर नत्र दाण्यापर्यंत पोचलंच नाही.

सहावी पायरी: कापणी आणि वजन

कडेच्या ओळी सोडून द्या. वाफ्याच्या मधोमध ४ × २.५ मीटरचा, म्हणजे बरोबर १० चौरस मीटरचा तुकडा दोरीने आखा आणि तेवढाच कापा. हे माप मुद्दाम घेतलंय: १० चौरस मीटरमधले जितके किलो, तितके हेक्टरी टन. डोक्याला ताप नाही.

प्रत्येक वाफ्याचं भात वेगळं झोडा, वेगळ्या पोत्यात भरा आणि आतबाहेर दोन्हीकडे चिठ्ठी घाला. बाहेरची चिठ्ठी हमखास हरवते. सगळी पोती एकाच अंगणात एकाच वेळी वाळवा. वाळवण्यात कमी-जास्त झालं तर सगळं मुसळ केरात. १८ टक्के ओलाव्याचं साडेचार किलो भात १४ टक्क्यांवर आणलं की ४.२९ किलो भरतं. हा फरक हेक्टरी २१० किलोचा, आणि नत्राच्या हिशेबात किलोमागे दोन किलोंचा. ओलावा मोजायचं यंत्र गिरणीवर असतं. त्याचा आकडा मिळाला तर वजनाला (१०० − ओलावा) ने गुणून ८६ ने भागा.

पेंढ्याचंही वजन घ्या. गुरं असतील तर त्याची किंमत आहेच. शिवाय एकूण वजनात दाण्याचा वाटा किती, हे त्यावरून कळतं.

सातवी पायरी: हिशेब, आणि त्यातली फसगत

समजा आकडे असे आले, हेक्टरी टनांत:

'क' वाण: शून्यावर २.९, अर्ध्यावर ४.१, पूर्णवर ४.६.
'ख' वाण: शून्यावर २.२, अर्ध्यावर ३.२, पूर्णवर ४.४.

पुस्तकी सूत्र असं: खत घातलेल्याचं पीक वजा न घातलेल्याचं पीक, भागिले नत्राचे किलो. १०० किलोवर 'क' चे १७ येतात, 'ख' चे २२. म्हणजे 'ख' जास्त कार्यक्षम? असंच छापलं जातं. पण 'ख' चा आकडा मोठा दिसतो तो उपाशी राहिल्यावर तो जास्त कोसळतो म्हणून. शून्यावर त्याची अवस्था वाईट, त्यामुळे खताने झालेली वाढ मोठी वाटते. दाणे बघाल तर 'क' तिन्ही ठिकाणी पुढे आहे.

आता हप्त्याहप्त्याने बघा. पहिल्या ५० किलो नत्रावर 'क' दर किलोमागे २४ किलो भात देतो, 'ख' २०. पुढच्या ५० किलोंवर 'क' फक्त १०, 'ख' मात्र २४. म्हणजे 'क' ला अर्धी मात्रा बरीचशी पुरते आणि 'ख' ला पूर्ण मिळाली तरच त्याला अर्थ आहे. युरियाचा भरवसा नाही, खाचर पाणी धरत नाही, अशा जागी 'क' लावा. चोंढ्यातल्या पाणी धरणाऱ्या, हाताशी असलेल्या खाचरात 'ख' चालेल. एकाच आकड्यावर वाण निवडू नका, शून्याचा, पहिल्या टप्प्याचा आणि दुसऱ्या टप्प्याचा असे तिन्ही समोर ठेवा.

दोन पुनरावृत्त्यांत आपसातच ४०० ग्रॅमचा फरक असेल तर वाणांतला ३०० ग्रॅमचा फरक मोजू नका. पूर्ण मात्रेच्या वाफ्यात भात लोळलं किंवा करपा रोग आला तर तेही वहीत लिहा, तो वाणाचाच गुण आहे.

पैशाबद्दल खरं सांगतो. गोण सुमारे २६६ रुपयांना मिळते, म्हणजे नत्राचा किलो १३ रुपयांच्या आसपास. एका किलोतून पाच किलो भात जरी वाढलं तरी खताची किंमत कित्येक पटीने परत येते. रुपयांत बघितलं तर युरिया ओतणाराच शहाणा ठरतो. तोटा दिसतो तो लोळलेल्या भातात, करप्यात, तुडतुड्यांत, आणि ऐन जुलैत दुकानापुढच्या रांगेत.

मग मोठ्या खाचरात काय करायचं

वाण ठरला की खत द्यायची पद्धत बदला. कोकणात त्यासाठी डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातलागवडीची पद्धत हाताशी आहे: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख आणि खाचरात पेंढा, हेक्टरी सुमारे ३ टन गिरिपुष्पाचा पाला, जोडओळीत नियंत्रित लावणी, आणि युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे दोन्ही खतांची दाबून केलेली गोळी. नत्राच्या दृष्टीने चौथं सूत्र मोलाचं आहे. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आळीपाळीने खुणा करून दोन्ही दिशांनी लावणी केली की चार चुडांचा १५ × १५ चा चौकोन तयार होतो. लावणी झाल्यावर त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट लागतात, वजन १७० किलोच्या आत. गुंठ्याला सव्वासहाशे, म्हणजे पावणेदोन किलो. युरिया ६० आणि डीएपी ४० टक्के धरलं तर नत्र हेक्टरी ५८ किलोंच्या आसपास पडतं. ब्रिकेट बिनहवेच्या थरात बसते, त्यामुळे अमोनियम तिथेच राहतं आणि ना उडतं ना वाहून जातं. बांगलादेशात अशाच गोळ्यांना गुटी युरिया म्हणतात.

ब्रिकेट कोरड्या हाताने, प्लॅस्टिकच्या पिशवीतून घ्या, नाहीतर पावसात विरघळून हातातच चिकट गोळा होतो. नंतर त्या चौकोनात पाय देऊ नका. आणि ज्या खाचरात सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत जिरतं, तिथे हा खर्च करू नका. तिथे नत्र खालून झिरपून जातं. अशा जागी लहान-लहान हप्तेच बरे.

वरून खत द्यायचं असेल तर रंगतक्ता आता वापरा. लावणीच्या सुधारित भातात १० पैकी ६ किंवा अधिक पानं ४ नंबरच्या छटेपेक्षा फिकी असली तरच गुंठ्याला अर्धा किलो युरिया द्या. नाहीतर त्या आठवड्यात काही नको.

२०२१ साली बाजारात आलेल्या नॅनो युरियाबद्दल विचारणा होते. तेव्हाच्या चार टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र किती? २० ग्रॅम. गोणीत किती? २०.७ किलो. आणि एक टन भात पिकायला १५ ते २० किलो नत्र रोपात यावं लागतं. बाटली फवारायची तर फवारा, पण तिच्या भरवशावर गोण कमी करण्याआधी वर सांगितल्यासारखे चार वाफे पाडून बघा.

एका वर्षाच्या आकड्यावर बी बदलू नका. पाऊस दर वर्षी वेगळा. दुसऱ्या हंगामात वाफ्यांची जागा मात्र बदला, कारण शून्याच्या वाफ्यात यंदा पेंढ्याबरोबर नत्र बाहेर गेलेलं असतं आणि तिथे पुन्हा शून्य ठेवलं तर जमीनच मोजली जाते, वाण नाही. बियाण्याचं पोतं कणगीजवळ ठेवताना मी त्यात एक कागद टाकतो: शून्यावर इतके, अर्ध्यावर इतके, पूर्णवर इतके, लोळलं की नाही.